'व्हिच' म्हणजे नेमकं कोण?

प्रश्न असा आला आहे. एका सहकारी पतसंस्थेत काम करणाऱ्या तरुणाला संचालक मंडळाच्या सभांची इतिवृत्तं आणि काही अहवाल मराठीतून इंग्रजीत करावे लागतात. तपासणारे साहेब दर पानावर दोन-तीन ठिकाणी 'व्हिच' आणि 'हू' यांच्याभोवती लाल गोल काढतात आणि शेजारी प्रश्नचिन्ह टाकतात. 'माणसाला हू, वस्तूला व्हिच, दोन्हींना दॅट हा नियम मला पाठ आहे. तो मी कुठेही मोडलेला नाही. मग माझं चुकतंय काय?' असं त्यांनी विचारलं आहे आणि ही तीन वाक्यं दिली आहेत:

'द ब्रँच सेंट द फाइल टू द हेड ऑफिस व्हिच वॉज इनकम्प्लीट.'

'द सन ऑफ द बॉरोअर हू साइन्ड द बाँड इज नाऊ इन दुबई.'

'द कमिटी रिजेक्टेड द प्रपोजल, व्हिच वॉज अगेन्स्ट द बाय-लॉज.'

तुमचा नियम बरोबर आहे. पण तो फक्त शब्द कोणता घ्यायचा ते सांगतो. घेतलेला शब्द वाक्यात कुठे उभा करायचा, हे त्यात नाही. इंग्रजीत मात्र अर्थ ठरतो तो त्या उभं राहण्याच्या जागेवरून. साहेबांची हरकत तुमच्या शब्दनिवडीला नाही. 'हा व्हिच कोणाचा?' असं ते विचारताहेत.

मी गेली सव्वीस वर्षं खरेदीखतं, मृत्युपत्रं, वाटणीपत्रं आणि सभांची इतिवृत्तं मराठीतून इंग्रजीत करते. स्वतःच्या आणि इतरांच्या कामात मला सर्वांत जास्त वेळा भेटलेली चूक हीच. उत्तम इंग्रजी बोलणाऱ्यांच्या लिखाणातही ती भेटते. इंग्रजी कच्चं असल्यामुळे ती होत नाही. आपल्या मराठीच्या कानाला एक सोय इतकी अंगवळणी पडलेली आहे की इंग्रजीत ती नाही हे लिहिताना लक्षातच येत नाही. म्हणून आधी मराठीबद्दल.

मराठीत 'जो' एकटा नाही. जो, जी, जे आहेत. अनेकवचनात जे, ज्या, जी आहेत. शिवाय ज्याने, जिने, ज्याला, जिला, ज्याच्यात, जिच्यात अशी विभक्तीची रूपं आहेत. म्हणजे सर्वनाम स्वतःच्या अंगावर आपल्या नामाची खूण घेऊनच वाक्यात येतं. वर गौणवाक्य संपलं की 'तो', 'ती', 'ते' येऊन पुन्हा तीच खूण पटवतो. 'शाखेने मुख्य कार्यालयाला जी फाइल पाठवली, ती अपूर्ण होती.' इथे 'जी'च्या पुढेच 'फाइल' आहे आणि नंतर 'ती' आहे. कार्यालय हा शब्द नपुंसकलिंगी, तो इथे मधे येऊच शकत नाही. दोन गाठी मारलेलं गाठोडं आहे हे, सुटत नाही.

इंग्रजीत 'व्हिच'ला लिंग नाही, वचन नाही. शेवटी गाठ मारायला 'ती' नाही. विहीर, शेत, बांध, झाड, चारही गोष्टींना एकच 'व्हिच'. मग वाचणाऱ्याने नाम ओळखायचं कसं? जवळ कोण उभं आहे ते बघून.

इंग्रजी नेहमीच अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग होतं आणि त्यानुसार बदलणारी दर्शक सर्वनामं संबंधी सर्वनामांचंही काम करत. त्यातलं नपुंसकलिंगी रूप म्हणजे आजचं 'दॅट'. लिंगं गेली, विभक्तीचे बहुतेक प्रत्यय गेले आणि त्यांचं काम शब्दांच्या क्रमावर येऊन पडलं. 'माणसाला हू' हा नियमसुद्धा तुम्हाला वाटतो तेवढा जुना नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलात स्वर्गातल्या पित्यासाठी 'व्हिच' वापरलेला आहे. शब्दांची निवड काळानुसार बदलली आहे. जागेचं महत्त्व मात्र वाढतच गेलं आहे.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, एका विहिरीमुळे कळलं. काम सुरू करून मला चारेक वर्षं झाली असतील. एका मृत्युपत्राचं इंग्रजी भाषांतर हवं होतं, कारण थोरला मुलगा परदेशात होता आणि तिकडच्या वकिलाला ते दाखवायचं होतं. मूळ मजकूर साधारण असा: शेत धाकट्याला, शेतातील विहीर, जी दोघा भावांची सामाईक आहे, तिचं पाणी दोघांनी घ्यावं. मी लिहिलं: 'द वेल इन द फील्ड व्हिच इज जॉइंटली ओन्ड बाय द टू ब्रदर्स.' माझ्या डोक्यात 'जी' होती, त्यामुळे मला त्यात विहीरच दिसत होती. परदेशातल्या वकिलाच्या डोक्यात 'जी' नव्हती. त्याला 'व्हिच'च्या अगदी शेजारी 'फील्ड' दिसलं. त्याने थोरल्याला सांगितलं की शेत सामाईक आहे. धाकटा म्हणाला, वडिलांनी मला दिलंय. पुढे तीन आठवडे दोघं भाऊ एकमेकांशी धड बोलत नव्हते. मूळ मराठी कागद वाचून दाखवल्यावर ते मिटलं, पण मधल्या दिवसांत जे बोललं गेलं ते माझ्या एका शब्दामुळे बोललं गेलं. ते मी विसरलेले नाही.

ते वाक्य नीट कसं झालं असतं? सोपी वाट म्हणजे विशेषण नामाच्या आधी घेणं: 'द जॉइंटली ओन्ड वेल इन द फील्ड.' संबंधी सर्वनामच नको. मराठी माणसाला ही वाट जवळची वाटायला हवी, कारण बोलताना आपणही 'जी विहीर सामाईक आहे ती' म्हणण्यापेक्षा 'सामाईक विहीर' म्हणतो. दुसरी वाट, वाक्य तोडणं: आधी शेताचं वाक्य पूर्ण करा, मग 'द वेल इन दॅट फील्ड इज जॉइंटली ओन्ड'. तिसरी वाट जुन्या इंग्रजी खतांमध्ये दिसते: 'व्हिच वेल', म्हणजे सर्वनामानंतर नाम पुन्हा लिहिणं. आपल्या 'जी विहीर'सारखंच झालं. आजच्या अहवालात हा प्रयोग जुनाट दिसतो, तिथे तो करू नका. पण न्यायालयीन कागदात नाम पुन्हा लिहायला कधीही लाजू नका. एकच शब्द दोनदा आला तर निबंधाचे गुण जातात, असं शाळेत शिकवतात. खतात तो दुसऱ्यांदा आला नाही तर जमीन जाते.

आता तुमचं पहिलं वाक्य. फाइल अपूर्ण होती, हे समजूतदार वाचकाला कळतं, कारण मुख्य कार्यालय अपूर्ण असण्याची शक्यता कमी. तरी व्याकरण बोट दाखवतं ते 'हेड ऑफिस'कडे, आणि एखाद्या कार्यालयाची इमारत अर्धवट बांधलेली असू शकते. याची दुरुस्ती करताना बरेच जण फक्त तुकडा हलवतात: 'द फाइल, व्हिच वॉज इनकम्प्लीट, वॉज सेंट टू द हेड ऑफिस.' चूक निघाली, पण मला हे पुरेसं वाटत नाही. तुम्हाला मुळात सांगायचं काय आहे? फाइल पाठवली हे, की ती अपूर्ण होती हे? लेखापरीक्षकाच्या दृष्टीने बातमी आहे अपूर्ण असण्याची. मग तिला शेपटासारखं मागे का लावायचं? मुख्य क्रियापद तिला द्या: 'द फाइल दॅट द ब्रँच सेंट टू द हेड ऑफिस वॉज इनकम्प्लीट.' आता वर दिलेलं मराठी वाक्य पुन्हा बघा: 'शाखेने मुख्य कार्यालयाला जी फाइल पाठवली, ती अपूर्ण होती.' हुबेहूब तोच आराखडा. जे 'जी'च्या बाजूला गेलं ते इंग्रजीत गौणवाक्यात गेलं, जे 'ती'च्या बाजूला होतं ते मुख्य वाक्य झालं. अनुभवातून सांगते, शेवटी लोंबकळणारा 'व्हिच' पुष्कळदा याच गोष्टीची खूण असतो. लिहिणाऱ्याला मुख्य मुद्दा वाक्याच्या शेवटी आठवलेला असतो.

दुसरं वाक्य जास्त अवघड आणि जास्त महत्त्वाचं आहे, कारण त्यात सही कोणाची हा प्रश्न आहे. 'द सन ऑफ द बॉरोअर हू साइन्ड द बाँड.' मुलाने सही केलेली असू शकते, कर्जदारानेही केलेली असू शकते. समजूतदार वाचकालाही इथे काही उपाय नाही. गंमत अशी की मराठीतही इथे 'जो' कामाला येत नाही. 'कर्जदाराचा मुलगा, ज्याने सही केली' म्हटलं तर दोघंही पुल्लिंगी. मराठी नेहमीच आपल्याला वाचवते असा समज करून घेऊ नका. अनेकवचनात 'ज्यांनी' झालं की पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा फरकही मावळतो.

पण तुमच्या मूळ इतिवृत्तात बहुधा 'ज्याने' नसेलच. आपण लिहिताना धातुसाधित वापरतो: 'जामीनपत्रावर सही केलेला कर्जदाराचा मुलगा' किंवा 'जामीनपत्रावर सही केलेल्या कर्जदाराचा मुलगा'. 'केलेला' आणि 'केलेल्या', एका अक्षराचा फरक. पहिल्यात सही मुलाची, दुसऱ्यात बापाची. लिंग एकच असूनही सामान्यरूपाने निवाडा केला. इंग्रजीत नेताना ही मात्रा गळून पडते. म्हणून असं मराठी वाक्य समोर आलं की मी आधी त्या 'ला' किंवा 'ल्या'खाली पेन्सिलने रेघ मारते.

इंग्रजीत इथे एक चांगली सोय आहे: 'ऑफ'ऐवजी षष्ठीचा 'एस'. 'द बॉरोअर्स सन, हू साइन्ड द बाँड, इज नाऊ इन दुबई.' षष्ठीतल्या नामाला 'हू' सहसा चिकटत नाही, तो मुख्य नामाला म्हणजे मुलालाच जातो. सही मुलाची असेल तर हे वाक्य निर्धास्तपणे वापरा. सही बापाची असेल तर दोन वाक्यं करा: 'द बॉरोअर साइन्ड द बाँड. हिज सन इज नाऊ इन दुबई.' इथे संबंधी सर्वनामाचा हट्ट धरू नका.

याच नियमाची उलट बाजू म्हणजे 'इन द चेअरमन्स रिपोर्ट, हू वॉज ॲबसेंट' हे वाक्य. असली वाक्यं मी खूप पाहिली आहेत. गैरहजर चेअरमन होते, पण ते षष्ठीत आहेत आणि 'हू'ला उभं राहायला शेजारी उरलाय फक्त रिपोर्ट. रिपोर्टला 'हू' चालत नाही, म्हणजे वाक्य कुणाचंच राहत नाही.

सर्वनाम नामाला अगदी खेटूनच हवं, असा मात्र अर्थ घेऊ नका. मधे काही शब्द आले तरी चालतं, जर खूण पटवणारं दुसरं काही वाक्यात असेल तर. इंग्रजीने लिंग टाकलं तरी दोन लहान खुणा ठेवल्या आहेत. एक, माणूस की वस्तू: हू की व्हिच. दोन, क्रियापदाचं वचन. 'द लिस्ट ऑफ डिफॉल्टर्स व्हिच वॉज सेंट टू द रजिस्ट्रार' या वाक्यात 'व्हिच'शेजारी 'डिफॉल्टर्स' आहेत. तरी घोळ होत नाही, कारण ते माणसं आहेत आणि अनेक आहेत. 'व्हिच' आणि 'वॉज' दोन्ही खुणा यादीकडे जातात. 'द लिस्ट ऑफ डिफॉल्टर्स हू हॅव बीन सेंट नोटिसेस' म्हटलं की दोन्ही खुणा थकबाकीदारांकडे. पण 'द लिस्ट ऑफ अकाउंट्स व्हिच हॅड टू बी चेक्ड' लिहा. खाती वस्तू, यादीही वस्तू. 'हॅड' एकवचनातही तेच, अनेकवचनातही तेच. दोन्ही खुणा पुसल्या गेल्या. तपासायची होती ती यादी की खाती? भूतकाळात हा धोका जास्त, आणि इतिवृत्त तर सगळं भूतकाळातच असतं.

वचनाचा विषय निघालाच आहे तर 'वन ऑफ द' याच्याकडेही बघू. 'वन ऑफ द क्लार्क्स हू हँडल कॅश वॉज ॲबसेंट.' पुष्कळ जण 'हँडल्स' लिहितात, कारण 'वन' म्हणजे एक. पण 'हू' इथे 'क्लार्क्स'साठी आहे: रोकड हाताळणारे बरेच कारकून, त्यांच्यापैकी एक गैरहजर. म्हणून 'हँडल' अनेकवचनी आणि 'वॉज' एकवचनी. मराठीत करून पाहा: 'रोकड हाताळणाऱ्या कारकुनांपैकी एक'. 'हाताळणाऱ्या' कोणाला लागलं? कारकुनांना. संपलं.

तुमचं तिसरं वाक्य मला सर्वांत धोक्याचं वाटतं, कारण ते सर्वांत निरुपद्रवी दिसतं. 'द कमिटी रिजेक्टेड द प्रपोजल, व्हिच वॉज अगेन्स्ट द बाय-लॉज.' उपविधींच्या विरुद्ध काय होतं? प्रस्ताव? तसं असेल तर समितीने योग्य केलं. की प्रस्ताव फेटाळणं उपविधींच्या विरुद्ध होतं? तसं असेल तर तुम्ही समितीवर ठपका ठेवताय. इंग्रजीत 'व्हिच' एका नामाबद्दल बोलू शकतो, तसा आधीच्या संपूर्ण घटनेबद्दलही बोलू शकतो. स्वल्पविराम असला की तर ही शक्यता नेहमीच उघडी असते. मराठीत घटनेबद्दल बोलायचं तर आपण 'ही गोष्ट', 'हा निर्णय', 'हे' असा वेगळा शब्द आणतो. प्रस्तावासाठी 'जो' आणि घटनेसाठी 'हे', रस्ते आधीच वेगळे आहेत.

संपूर्ण घटनेसाठी 'व्हिच' वापरणं चूक आहे, असं काही जुने शिक्षक सांगत. मी तसं म्हणणार नाही. 'ही पेड द होल अमाउंट इन वन डे, व्हिच सरप्राइज्ड अस' हे स्वच्छ वाक्य आहे, कारण चकित करणारी गोष्ट रक्कम नसून एका दिवसात भरणं आहे हे उघड आहे. पण शेजारी असं एखादं नाम असेल की त्यालाही ते विधान लागू पडू शकतं, तर 'व्हिच' एकटा सोडू नका. त्याच्याआधी एक नाम द्या: 'अ डिसिजन व्हिच', 'अ डिले व्हिच', 'अ पेमेंट व्हिच'. 'द कमिटी रिजेक्टेड द प्रपोजल, अ डिसिजन व्हिच वॉज अगेन्स्ट द बाय-लॉज.' आता ठपका निर्णयावर आहे, आणि तो ठेवायचा आहे की नाही हे लिहिणाऱ्याला लिहिताना ठरवावंच लागतं. प्रस्तावच नियमबाह्य होता असं म्हणायचं असेल तर 'बिकॉज' वापरा: 'द कमिटी रिजेक्टेड द प्रपोजल बिकॉज इट वॉज अगेन्स्ट द बाय-लॉज.' कारण सांगायचं असताना 'व्हिच'ने काम भागवणं, हीच मूळ चूक होती.

एवढ्या बारकाईची गरज आहे का, असं वाटत असेल तर एक खटला सांगते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला, 'बार्नहार्ट विरुद्ध थॉमस', निकाल २००३ चा. लिफ्ट चालवणाऱ्या एका बाईंची नोकरी १९९५ मध्ये ते पदच रद्द झाल्यामुळे गेली. त्यांनी अपंगत्वाच्या लाभासाठी अर्ज केला. कायद्यात अट अशी होती की अर्जदाराला आपलं पूर्वीचं काम करता येत नसावं, आणि शिवाय 'एनी अदर काइंड ऑफ सब्स्टॅन्शियल गेनफुल वर्क व्हिच एक्झिस्ट्स इन द नॅशनल इकॉनॉमी', म्हणजे देशात अस्तित्वात असलेलं दुसरं कुठलंही कमाईचं काम करता येत नसावं. सरकारी बाजूचं म्हणणं, तुम्हाला लिफ्ट चालवता येते, मग तुम्ही अपंग नाही. बाईंचं म्हणणं, लिफ्ट चालवण्याच्या नोकऱ्याच आता पुरेशा उरलेल्या नाहीत. जे काम अस्तित्वातच नाही ते मला करता येतं, याचा उपयोग काय? सगळं भांडण आलं एका 'व्हिच'वर: 'अस्तित्वात असलेलं' ही अट फक्त दुसऱ्या कामाला आहे, की पूर्वीच्या कामालाही?

खालच्या अपील न्यायालयाने ती अट दोन्ही कामांना लावली आणि बाईंच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फिरवला. न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी निकालपत्रात शब्दक्रमाचा जुना नियम लावला: मर्यादा घालणारं गौणवाक्य सामान्यतः त्याच्या लगतच्या आधीच्या शब्दसमूहालाच लागतं. त्यांनी घरगुती उदाहरण दिलं. आईवडील मुलाला घरी एकटं सोडून जाताना बजावतात: पार्टी केलीस किंवा घराचं नुकसान करणारं दुसरं काहीही केलंस तर शिक्षा होईल. मुलाने पार्टी केली, घराला ओरखडाही आला नाही. शिक्षा होईल? होईल. 'घराचं नुकसान करणारं' हे 'दुसरं काहीही' याला लागतं, पार्टीला नाही. हा नियम मोडता न येणारा नाही, संदर्भ वेगळं सांगत असेल तर तो बाजूला ठेवता येतो, हेही निकालपत्रात आहे. पण शंका आली की तोल कुठे झुकतो ते कळलं ना? शेजाऱ्याकडे. त्या बाईंना तर्क आपल्या बाजूने वाटत होता, आणि मलाही तो बिनबुडाचा वाटत नाही. तरी शब्द ज्या जागी उभा होता, ती जागा त्यांच्या बाजूने नव्हती.

स्वल्पविरामाबद्दल थोडं. 'द मेंबर्स हू हॅव नॉट पेड देअर ड्यूज कॅनॉट वोट': ज्यांची बाकी आहे तेवढेच सभासद मतदानाला मुकतात. 'मेंबर्स'नंतर आणि 'ड्यूज'नंतर स्वल्पविराम टाका, आणि अर्थ होतो: सभासदांपैकी कुणीच बाकी भरलेली नाही आणि कुणीच मत देऊ शकत नाही. मराठीत 'ज्या सभासदांनी बाकी भरलेली नाही, ते मतदान करू शकत नाहीत' यातला स्वल्पविराम फक्त श्वास घ्यायची जागा दाखवतो. तो काढला तरी अर्थ तोच राहतो. विरामचिन्हं आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली, मेजर थॉमस कँडी यांचं नाव त्यासाठी घेतलं जातं. पण चिन्ह आलं तरी हे काम त्याच्याबरोबर आलं नाही, कारण आपल्याला गरजच नव्हती. म्हणून मराठीतला स्वल्पविराम उचलून इंग्रजीत ठेवू नका. दरवेळी विचारा: हे वाक्य 'कोणते' ते सांगतंय, की जास्तीची माहिती देतंय? 'कोणते' सांगत असेल तर स्वल्पविराम नको.

मर्यादा घालताना 'दॅट' आणि जास्तीची माहिती देताना 'व्हिच', असा भेद हेन्री फाउलर यांनी १९२६ मध्ये आपल्या शब्दप्रयोगकोशात सुचवला. बहुतेक लेखक किंवा उत्तम लेखक तो पाळतात असं नाही, हेही त्यांनी तिथेच मान्य केलं. अमेरिकी संपादक तो काटेकोर पाळतात, ब्रिटिश तितकासा नाही. मी स्वतः पाळते, कारण वाचणाऱ्याला आणखी एक खूण मिळते. तुम्ही पाळला नाहीत तर चूक म्हणणार नाही. मात्र स्वल्पविरामानंतर 'दॅट' आणि 'इन'-'फॉर'सारख्या शब्दानंतर 'दॅट' हे दोन्ही टाळा. 'द हाउस इन दॅट ही लिव्ह्ज' होत नाही, 'इन व्हिच' होतं.

मराठीच्या सवयीने होणाऱ्या आणखी दोन चुका तुमच्या वाक्यांत नाहीत, पण इतिवृत्तांत हमखास येतात. 'द बॉरोअर हू हॅज नॉट पेड, ही विल गेट अ नोटीस': यातला 'ही' म्हणजे आपला 'जो-तो'मधला 'तो'. इंग्रजीत 'हू'ने ते काम आधीच केलंय, 'ही' काढा. आणि 'ऑल व्हॉट द चेअरमन सेड' हे 'जे काही अध्यक्ष म्हणाले' याचं रूप. तिथे 'ऑल दॅट' हवं, किंवा 'ऑल' काढून नुसतं 'व्हॉट'.

आता तपासायचं कसं. मी करते ती पद्धत सांगते, आणि तिला मराठी येणं हीच अट आहे. इंग्रजी मजकूर पूर्ण झाला की दुसऱ्या दिवशी प्रत्येक 'हू', 'व्हिच', 'दॅट', 'हूज', 'व्हेअर' यांना गोल करते. प्रत्येकापाशी थांबून त्याच्या जागी मराठी रूप डोळ्यांसमोर आणते: इथे जो, जी की जे? पण मनातला अर्थ आठवून नाही. इंग्रजी वाक्यात सर्वनामाच्या लगतच्या आधी जे नाम छापलेलं दिसतंय, त्याचं मराठी लिंग घेऊन. 'हेड ऑफिस व्हिच': कार्यालय, म्हणजे 'जे'. आणि मूळ मराठीत काय आहे? 'जी फाइल'. 'जे' आणि 'जी' जुळले नाहीत, म्हणजे वाक्य दुरुस्तीला. विहिरीच्या वाक्याला मी हे केलं असतं तर 'शेत, जे' आणि 'विहीर, जी' लगेच वेगळे दिसले असते. दोन्ही नामांचं लिंग एकच असेल तर, तुमच्या कर्जदार आणि मुलासारखं, ही चाळणी पुरत नाही. तिथे सर्वनामाऐवजी पूर्ण नाम घालून वाचायचं: 'ज्या मुलाने', 'ज्या कर्जदाराने'. दोन्ही वाचनं बसली तर दुसऱ्या वाचकालाही दोन्ही बसणार. दुसऱ्याच दिवशी का, तर त्याच दिवशी डोक्यात मूळ मराठी ताजं असतं आणि ते इंग्रजीतली फट आपोआप भरून काढतं. घाई असेल तर निदान जेवण करून या.

तुमची पहिली दोन वाक्यं वर दुरुस्त करून दिली आहेत. दुसऱ्यात सही मुलाची की कर्जदाराची, ते जामीनपत्र काढून बघा आणि त्याप्रमाणे दोनपैकी एक वाक्य घ्या. तिसरं मी दुरुस्त करू शकत नाही. त्याची दोन्ही रूपं दिली आहेत, पण त्यातलं कोणतं खरं हे मूळ मराठी इतिवृत्तात 'जो' आहे की 'हा निर्णय' आहे त्यावर ठरेल. तिथेही स्पष्ट नसेल तर अंदाजाने काही लिहू नका. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होण्याआधी ते वाक्य सचिवांपुढे ठेवा आणि विचारा, नियमाविरुद्ध काय होतं, प्रस्ताव की तो फेटाळणं?